ट्रॉम्बे वीजकर्ज

मुंबईला वीज पुरवणाऱ्या टाटा समूहातील तीन खासगी जलविद्युत कंपन्यांना जागतिक बँकेने नोव्हेंबर १९५४ मध्ये दिलेले १ कोटी ६२ लाख डॉलरचे (तेव्हाच्या दराने सुमारे ७ कोटी ७० लाख रुपये) कर्ज. विकास बँकेचा पैसा भारतातील खासगी उद्योगापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचला, हे समजून घेण्यासाठी हा व्यवहार महत्त्वाचा आहे.

कर्जदार कंपन्या : टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय (स्थापना १९१०), आंध्र व्हॅली पॉवर सप्लाय (१९१६) व टाटा पॉवर (१९१९). त्यांची अनुक्रमे खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) येथील वीजगृहे घाटमाथ्यावर अडवलेले पाणी कोकणात उतरवून चालतात. १९२९ मध्ये या कंपन्यांच्या व्यवस्थापनात अमेरिकी भांडवल सहभागी झाले. धरणांमुळे झालेल्या विस्थापनाबाबत पाहा : मुळशी सत्याग्रह.

गरज : धरणे चार महिन्यांच्या पावसावर भरतात आणि वर्षभर पुरवावी लागतात. पाऊस ओढ देई तेव्हा मुंबईच्या गिरण्यांची वीज धोक्यात येई. दुसऱ्या महायुद्धानंतर मागणी वाढली, ट्रॉम्बेला तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहू लागले. तेथे औष्णिक केंद्र उभारून रोजचा स्थिर भार त्यावर टाकायचा आणि तलावांतील पाणी अधिक मागणीच्या तासांसाठी राखायचे, अशी योजना होती. म्हणजे कर्ज औष्णिक केंद्रासाठी असले, तरी त्याने जलविद्युत व्यवस्थेचे मोल वाढवले. केंद्र १९५६ मध्ये सुरू झाले.

हमी : बँकेच्या घटनेतील तिसऱ्या अनुच्छेदानुसार, कर्जदार स्वतः सरकार नसेल तर संबंधित सदस्य-सरकारची, त्याच्या मध्यवर्ती बँकेची किंवा तत्सम संस्थेची हमी आवश्यक असते. ट्रॉम्बे कर्जाला भारत सरकारने हमी दिली. मालकी व नफा भागधारकांचा, कर्ज थकल्यास परतफेडीचा अंतिम भार मात्र सरकारवर, अशी ही रचना होती. इंडियन आयर्न अँड स्टील (१९५२) व आयसीआयसीआय (१९५५) यांची कर्जेही याच पद्धतीची. सरकारी हमीशिवाय खासगी उद्योगाला भांडवल पुरवण्यासाठी १९५६ मध्ये आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ स्थापन झाले. ट्रॉम्बे कर्जाचा उपयोग मुख्यतः आयात यंत्रसामग्रीच्या परकीय चलनासाठी होता. वीजपुरवठा कायदा, १९४८ ने परवानाधारकांच्या नफ्यावर मर्यादा घातली होती. त्यामुळे सार्वजनिक हमीचा सगळा लाभ भागधारकांनीच घेतला, असे सरसकट म्हणता येत नाही. हमीमुळे मिळालेल्या स्वस्त कर्जाचा किती वाटा ग्राहकापर्यंत पोहोचला, याविषयी मतभेद संभवतात.

धोरण : १९५६ च्या औद्योगिक धोरण ठरावाने वीजनिर्मिती सरकारी क्षेत्राच्या यादीत घातली, तरीही चालू खासगी कंपन्यांच्या विस्ताराला वाव ठेवला. म्हणूनच १९५७ मध्ये, परकीय चलनाची तीव्र चणचण असताना, ट्रॉम्बेच्या विस्तारासाठी ९८ लाख डॉलरचे दुसरे कर्ज मिळू शकले. राज्याच्या मालकीच्या कोयना प्रकल्पाला १९६२ मध्ये बँकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संघाने वेगळे साहाय्य दिले.

नंतरची कर्जे : ट्रॉम्बेसाठी १९७८ व १९८४. भिरा येथील १५० मेगावॉटच्या उदंचन संचासाठी, म्हणजे खाली आलेले पाणी पुन्हा वर चढवणाऱ्या योजनेसाठी, १९९० मध्ये बँकेचे साहाय्य मंजूर झाले. तिन्ही कंपन्या २००० मध्ये टाटा पॉवर या नावाखाली एकत्र आल्या.