कापणारा हात आणि कागदावरचे नाव

आमच्या पाम गावाला तारापूरची औद्योगिक वसाहत लागून आहे. गेल्या पावसाळ्यात वस्तीतला एक ओळखीचा कामगार रात्री घरी आला. रासायनिक कारखान्यात गोणी उचलण्याचे काम, तेही ठेकेदाराकडे. खिशातून घडी घातलेला कागद काढून म्हणाला, "गुरुजी, डॉक्टर बोलला ऑपरेशन करायला लागेल, ह्याच्यावर सही करून आण. ह्यात काय लिवलंय ते सांगा." कागद इंग्रजीत होता. आजाराचे नाव, शस्त्रक्रियेचे नाव, भूल देण्यास संमती, काही बरेवाईट झाल्यास तक्रार नाही, आणि खाली सहीची जागा. आपल्या पोटात काय झाले आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्यानेही विचारले नव्हते. "त्यांना कसं विचारायचं?" एवढेच तो म्हणाला.

मी इतिहास शिकवतो, वैद्यक नाही. पण हा संकोच इतिहासाचाच विषय आहे. माणसाच्या शरीराचे ज्ञान हे वरच्यांचे, आपण फक्त अंगठा उठवायचा, ही समजूत आली कुठून? ती मुळातच खरी आहे काय?

उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. पालघर जिल्ह्यातच सोपारा आहे. तिथल्या टेकाडाला लोक 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी ते खणले आणि आतून बौद्ध स्तूप निघाला. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. म्हणजे गिरनारला आणि अन्यत्र जी चौदा लेखांची माळ आहे, तीच कधीकाळी आमच्या किनाऱ्यावरही कोरलेली होती. त्या माळेतला दुसरा लेख वैद्यकाचा आहे. माणसांसाठी आणि जनावरांसाठी चिकित्सेची सोय केली, जिथे औषधी वनस्पती नव्हत्या तिथे त्या आणून लावल्या, असे राजा त्यात सांगतो. उपचार कोणत्या वर्णाला, हे त्यात नाही. बौद्ध परंपरेतला थोर वैद्य जीवक हा सालवती ह्या गणिकेचा, उकिरड्यावर टाकून दिलेला मुलगा. विनयपिटकाच्या महावग्गात त्याची कथा आहे. बिंबिसाराचे भगंदर त्याने बरे केले, एका श्रेष्ठीची कवटी उघडून पुन्हा शिवली. कथेत अतिशयोक्ती असेल, पण त्या समाजाला मोठा वैद्य उकिरड्यावरून आलेला चालत होता, एवढे तरी तीतून कळते.

आता मनुस्मृती पाहा. तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या पंगतीला बसवू नये अशांच्या यादीत चिकित्सक आहे. चौथ्या अध्यायात वैद्याचे अन्न पुवासारखे मानले आहे. दहाव्या अध्यायात चिकित्सा हा अंबष्ठ ह्या संकरजातीचा धंदा ठरवला आहे. वैद्याचा गुन्हा कोणता? त्याला रक्त, पू, मळ ह्यांना हात लावावा लागतो. देवीप्रसाद चट्टोपाध्याय ह्यांनी १९७७ च्या 'सायन्स अँड सोसायटी इन एन्शंट इंडिया' ह्या ग्रंथात हा विरोध विस्ताराने मांडला आहे. धर्मशास्त्रकारांनी वैद्यकाची कोंडी केली, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. मला त्यात एकच भर घालायची आहे. विद्या पोथीत कोंडली गेली तेव्हा सगळीच मेली नाही. तिचा काही भाग खाली उतरला. न्हाव्याच्या नस्तराकडे, वैदूच्या तुंबडीकडे, हाड बसवणाऱ्याकडे, महार-मांगांच्या घरातल्या सुइणीकडे. ज्याला शिवणे विटाळाचे, ते काम आपल्याकडे आले आणि कामाबरोबर ज्ञानही आले.

ह्याचा लेखी पुरावा पुण्याचा आहे. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभराने, १७९३ च्या सुमारास, पुण्याजवळ त्याला नवे नाक बसवण्यात आले. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ती क्रिया डोळ्यांनी पाहिली आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझीन' ह्या मासिकात तिचे चित्रासह वर्णन छापून आले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापाचा करायचा. तो उलगडून कपाळावर ठेवायचा आणि कडेने रेघ ओढायची. तेवढी कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवायची. मग ती कातडी उलटी वळवून जुन्या नाकाच्या कडेला पाडलेल्या खाचेत बसवायची. वर पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी मधली पट्टी तोडायची. ह्या पट्टीतच सारे मर्म आहे. तीतून रक्त वाहत राहते, म्हणून कातडी नव्या जागी जीव धरेपर्यंत जगते. पुढे लंडनच्या कार्प्यू ह्या शल्यविशारदाने १८१४ साली हीच रीत वापरली आणि आधुनिक प्लॅस्टिक सर्जरीच्या इतिहासात त्याचे नाव कायमचे नोंदले गेले.

पुण्याचा तो शस्त्रक्रिया करणारा कोण होता? मासिक सांगते की तो विटा घडवणाऱ्या जातीचा होता. म्हणजे आपला कुंभार. रुग्णाचे नाव छापले आहे. करणाऱ्याची फक्त जात छापली आहे. आज प्राचीन भारतातल्या प्लॅस्टिक सर्जरीचा अभिमान सांगताना गणपतीच्या मस्तकाचे दाखले देणारे लोक आहेत. त्यांच्या तोंडी मी ह्या कुंभाराचा उल्लेख अजून ऐकलेला नाही.

पण आपणही भाबडे होऊ नये. त्या काळी भूल नव्हती; ईथर वापरून जाहीर शस्त्रक्रिया झाली ती १८४६ साली, बोस्टनमध्ये. जंतूंची कल्पना नव्हती. लिस्टरने कार्बोलिक आम्लाचे प्रयोग प्रसिद्ध केले ते १८६७ साली. सुइणीच्या अस्वच्छ विळ्याने कितीतरी अर्भके धनुर्वाताने गेली असतील. आपल्या हातांत होते ते सारे चांगलेच होते, असे माझे म्हणणे नाही. माझा प्रश्न असा आहे, की त्या ज्ञानात सुधारणा झाली तेव्हा ते हात शाळेत का घेतले गेले नाहीत?

१८३६ साली कलकत्त्यात मधुसूदन गुप्तांनी प्रेताचे विच्छेदन केले. त्यांनी शतकांचा विटाळ मोडला, असा त्याचा गौरव होतो. १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. विटाळाच्या कामाला प्रतिष्ठा आणि पैसा आला. आता त्यासाठी इंग्रजी लागत होती, फी लागत होती. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या प्रेते उचलली त्यांना पाटीही मिळाली नव्हती. मात्र त्यांचे हात व्यवस्थेने सोडले नाहीत. आजही अनेक ठिकाणी शवविच्छेदनाच्या खोलीत करवत चालवतो तो सफाई कामगार, आणि तो बहुधा आपल्यातलाच असतो. डॉक्टर बाजूला उभे राहून टिपण करतात. अशा एका निवृत्त कामगाराशी मी तासभर बोललो. तो म्हणाला, "दारू पिणाऱ्याचं काळीज हाताला कडक लागतं, खरबरीत, दगडासारखं. डॉक्टरनी बघायच्या आधी मला कळायचं." यकृताच्या सिरॉसिसचे ह्याहून नेमके वर्णन मी वाचलेले नाही. अहवालावर त्याचे नाव कधीच आले नाही.

ही झाली करणाऱ्याची गोष्ट. रुग्ण अस्पृश्य असला की काय होई? काठेवाडमधल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आले. बाबासाहेबांनी ते 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये घेतले आहे. बायको बाळंत होऊन तापाने फणफणलेली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. अखेर आला तो अटीवर. बाळंतिणीला बाहेर आणावे लागले. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला, आणि त्याच वाटेने तो परत गेला. दिव्याखाली पारा पाहून डॉक्टर न्यूमोनिया म्हणाला. नाडी नाही, छाती नाही. ती बाई मेली. आता थर्मामीटरचा विटाळ कोणी उघड सांगत नाही. पण न शिवता तपासणे आणि न बोलता कापणे ह्यांत फार अंतर आहे असे मला वाटत नाही.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायांचे प्रकरण २०१९ साली विधिमंडळात गाजले. पाहणी झाली तेव्हा ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा झाला तर मुकादम दंड लावतो. अंगावरून पांढरे जाते म्हणून गेलेल्या बाईला कॅन्सर होईल अशी भीती घातली जाई. पांढरे जाणे हे बहुधा जंतुसंसर्गाचे लक्षण असते आणि ते गोळ्यांनी बरे होते, हे सांगायला कोणी नव्हते. पिशवीबरोबर बीजकोषही काढले तर पाळी जाण्याचे वय एकदम येते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात, हेही नाही. माझ्या आईची पिशवी काढली तेव्हा मी आठवीत होतो. तिलाही पांढरेच जात होते. वडिलांनी सही केली, तिला विचारले नाही. पंचेचाळिशीत ती कमरेत वाकली. कशाने, हे मला ह्या लेखासाठी वाचन करताना कळले.

सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या एका खटल्यात निकाल दिला. तपासणीपुरती संमती दिलेल्या बाईचे गर्भाशय ती भुलीत असताना आईच्या सहीवर काढले होते. ही संमती नव्हे, असे न्यायालय म्हणाले. आजार काय, इलाज काय, दुसरा उपाय आहे का, धोका कोणता, काही न केल्यास काय होईल, हे रुग्णाला समजेल असे सांगितल्यावर मिळते ती संमती. आपल्या कार्यकर्त्यांनी हा निकाल रेशनकार्डाच्या नियमांसारखा पाठ करावा.

त्या कामगाराबरोबर दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते, जरा चिडले, मग कागदाच्या पाठीवर चित्र काढून दाखवले. अंतर्गळ, म्हणजे हर्निया. जांघेत पोटाच्या भिंतीला फट पडते आणि जोर केला की आतडे तिथून बाहेर डोकावते. गोळीने फट बुजत नाही. शिवून वर जाळी लावतात. गाठ आत जाईनाशी झाली, दुखून उलट्या सुरू झाल्या, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि मग काही तासांचाच अवधी असतो. त्याने चित्र बराच वेळ पाहिले. मग त्याने स्वतः विचारले, "गोणी कधी उचलायची?" सहा आठवडे नाही, डॉक्टर म्हणाले.

ठेकेदार आठ दिवस म्हणाला. राज्य कामगार विमा योजनेखाली आजारपणात पगाराच्या ७० टक्के मिळतात, ठेक्यावरच्यालाही, पण वर्गणी भरलेली हवी. ह्याच्या पगारातून ती कापली जात होती. भरली जात होती की नाही, ते पाहायला आम्ही सोमवारी बोईसरला जाणार आहोत.