उशिरा आलेली हाक

दूरान्वय हा दोष, हे शाळेतच मनावर ठसले. अकराव्या शतकातल्या मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त तर पूर्वार्धातला एकच शब्द उत्तरार्धात गेला, तरी ‘अर्धान्तरैकवाचक’ दोष लागतो. म्हणून लाँजायनसच्या नावावरच्या, उदात्ततेविषयीच्या ग्रीक ग्रंथात मी थबकलो. शब्दांचा स्वाभाविक क्रम मोडणारे ‘हायपरबॅटन’ तिथे चक्क भूषण आहे!

उदाहरण हिरोडोटसचे. इ.स.पूर्व ४९४. इराणी आरमार लाडेपाशी येऊन ठेपलेले. फोकियाचा डायोनिसियस आधी संकट सांगतो. ‘आयोनियनांनो’ ही हाक मागाहून येते. भयाने संबोधन मागे पडले, असे ग्रंथकार म्हणतो. मला पटते, घर पेटले की आपणही आधी ‘आग!’ म्हणतो, नाव नंतर.

आयोनियनांनी सात दिवस त्याचे ऐकले. मग सरावाला कंटाळून बेटावर तंबू ठोकले आणि सावलीत बसले. लढाई ते हरले.