निंदा, खेद आणि मौन : सैन्य परदेशी धाडण्याविषयी

अंबरनाथचे शिवमंदिर वालधुनीच्या काठी उभे आहे. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा त्यावरील शिलालेख शिलाहारांच्या राजवटीची साक्ष देतो. हीच वालधुनी पुढे उल्हासनगरातून वाहत जाते, आणि तेथील रहिवासी आजही आपला पत्ता 'कॅम्प नंबर एक', 'कॅम्प नंबर चार' असाच सांगतात. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचे हे कॅम्प, एवढे सर्वांनाच ठाऊक असते. परंतु 'कॅम्प' हा शब्द निर्वासितांच्या आधीचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची तात्पुरत्या मुक्कामाची छावणी उभारली गेली, तिच्या बराकींत पुढे निर्वासितांची सोय झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते 'उल्हासनगर' या नव्या नगराची कोनशिला बसली. निर्वासित का आले हे आपण विचारतो. त्यांच्या आधी तेथे सैनिक का होते, आणि त्यांना युद्धावर पाठविण्यास कोणाची संमती होती, हे सहसा विचारीत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही नेमका तोच प्रश्न हाती घेत आहोत.

संमती कोणाचीही नव्हती. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे परस्पर जाहीर केले. त्याआधीच, ऑगस्टमध्ये, वर्ध्याला भरलेल्या काँग्रेस कार्यकारिणीने ईजिप्त आणि सिंगापूरकडे हिंदी फौजा धाडल्याचा निषेध म्हणून मध्यवर्ती कायदेमंडळातील आपल्या सभासदांना पुढील अधिवेशनास गैरहजर राहण्यास सांगितले होते. मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळही त्या वर्षअखेरीपूर्वी पायउतार झाले. युद्ध संपेपर्यंत हिंदी सैन्याची संख्या पंचवीस लाखांच्या घरात गेली. कायदेमंडळाचा नकार आणि फौजांचे प्रस्थान यांची गाठच पडली नाही.

हा नकार १९३९ साली एकाएकी उपजलेला नव्हता. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा उत्तर ब्रह्मदेशाच्या विलीनीकरणाविरुद्ध ठराव झाला. फिरोजशहा मेहतांनी मांडलेल्या त्या इंग्रजी ठरावातील क्रियापद होते 'डेप्रिकेट' : नापसंती आहे, पण धिक्कार नाही. १८९७ साली वेल्बी आयोगासमोर साक्ष देताना गोखले आणि वाच्छा यांनी हिंदी तिजोरीवरील लष्करी भाराचा हिशेब मांडला. मार्च १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाने ठरावांद्वारे सांगितले की हिंदी सैन्याचे प्रयोजन देशाचे संरक्षण आणि अंतर्गत शांतता हे आहे. त्यापलीकडील कामासाठी हिंदुस्थानवर स्वायत्त वसाहतींहून अधिक जबाबदारी असू नये. हे ठराव मांडणारे सर शिवस्वामी अय्यर नेमस्त होते, सरकारने 'सर' केलेले गृहस्थ होते. १९२७ च्या जानेवारीत शांघायला फौजा निघाल्या तेव्हा मात्र त्यावरील तहकुबीची सूचना व्हाइसरॉयने चर्चेलाच येऊ दिली नाही.

या परंपरेत दोन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. एक, हे विरोधक शांततावादी नव्हते. सैन्य असावे की नसावे हा त्यांचा वादविषय नव्हता, ते कोणाच्या शब्दावर हलावे हा होता. दुसरी, या प्रश्नावर नेमस्त आणि लढाऊ राष्ट्रवादी यांच्यात फारसे अंतर नव्हते.

स्वातंत्र्यानंतर हा 'शब्द' आपल्या हाती आला. आणि येथेच विपर्यास सुरू होतो. सैन्य परदेशी धाडण्यापूर्वी संसदेची संमती घ्यावी असे बंधन आपल्या राज्यघटनेत नाही. जुलै १९८७ मधील करारानंतर शांतिसेना श्रीलंकेत गेली ती सरकारच्या निर्णयाने. मार्च १९९० मध्ये ती परतली तेव्हा हजाराहून अधिक जवान मृत्युमुखी पडले होते. १८८५ पासून ज्यांनी 'आम्हास विचारा' असा आग्रह धरला, त्यांच्या वारसांनी स्वतःच्या संसदेला विचारले नाही.

या पार्श्वभूमीवर ८ एप्रिल २००३ चा दिवस पाहावा. २० मार्चला इराकवर हल्ला झाला होता. दिल्लीत वाजपेयींचे आघाडी सरकार 'मध्यम मार्गा'ची भाषा करीत होते. काँग्रेस आणि डावे पक्ष कठोर शब्दासाठी अडून बसले होते. लोकसभेच्या अध्यक्षपदी मनोहर जोशी होते. अखेर ठराव एकमताने संमत झाला, पण तो एका भाषिक तोडग्यावर : हिंदी मसुद्यात 'निंदा', इंग्रजीत 'डिप्लोअर'. विरोधकांना 'कंडेम' हवे होते, सरकारला ते नको होते. हिंदीतील 'निंदा' धिक्काराच्या बाजूला झुकते, इंग्रजी शब्द तीव्र खेदाच्या. मराठी वाचकाला तर आणखीच गंमत वाटेल, कारण आपल्याकडे अशा प्रसंगी 'निषेध' होतो. 'निंदा' म्हटले की पाठीमागची नालस्ती आठवते.

साहित्याचा अभ्यासक याला पळवाट म्हणेल. प्रत्येक पक्ष आपापला शब्द घेऊन घरी गेला, हे खरेच आहे. दुसऱ्याच दिवशी बगदादमधील सद्दामचा पुतळा कोसळला, त्यामुळे ठराव निरर्थकही भासला. तथापि क्रियापदावरील वादात ठरावाचा गाभा झाकला जाऊ नये. सार्वभौम देशाचे सरकार बदलण्यासाठी केलेली लष्करी कारवाई अमान्य आहे आणि फौजांनी लवकर माघारी जावे, हे दोन्ही भाषांत सारखेच नोंदले गेले होते.

त्या नोंदीचे मोल पुढे कळले. अमेरिकेने इराकमध्ये भारतीय सैन्याची डिव्हिजन मागितली. सरकारात त्याला अनुकूल मतेही होती. परंतु १४ जुलै २००३ रोजी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसल्याने, नकार दिला. आखातातील लाखो भारतीय, तोंडावर आलेल्या विधानसभा निवडणुका, श्रीलंकेची जखम ही कारणे होतीच. पण ज्या फौजांनी माघारी जावे असे सभागृहाने एकमुखाने म्हटले, त्यांच्याच शेजारी आपली छावणी टाकणे कोणत्याही सरकारला अवघड होते.

येथे आम्ही फार मोठा दावा करीत नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये मतदान झाले, १३३ प्रतिनिधी आणि २३ सिनेटर विरोधात गेले. मार्च २००३ मध्ये ब्रिटिश कॉमन्समध्येही झाले. तरी युद्ध झालेच. उलट ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियाच्या प्रश्नावर त्याच कॉमन्सने सत्ताधाऱ्यांतील बंडखोरांच्या साहाय्याने २८५ विरुद्ध २७२ असा नकार दिला, आणि सरकारने तो पाळला. मतदान हे काही कवच नव्हे. मात्र ज्या सभागृहाला विचारलेच जात नाही, त्याला नकार देण्याची संधीही उरत नाही. २००३ मध्ये आपल्याकडे जे घडले ते नियमाने नव्हे, परिस्थितीच्या जुळणीने घडले. १९८७ मध्ये ती जुळली नव्हती. म्हणूनच सैन्य सीमेपार नेण्यापूर्वी संसदेची संमती घेण्याचा लेखी नियम असावा, असे आमचे मत आहे. शिवस्वामी अय्यरांच्या ठरावांतील तत्त्व शंभर वर्षांनंतरही पुरते अमलात आलेले नाही.

उल्हासनगरात आज 'कॅम्प' हा शब्द कोणालाच सैनिकी वाटत नाही. रिक्षावाला तो सहज उच्चारतो, दुकानाच्या पाटीवर तो असतो. परंतु न विचारता युद्धात ओढल्या गेलेल्या देशाची ती नोंद आहे, ठरावाच्या कागदावर नव्हे तर पत्त्याच्या ओळीत राहिलेली.