न्यूयॉर्कमधील किशोरांचे अनुबोधपट : मूक फिल्मपासून बोलक्या फितीपर्यंत

१९६० ते १९७० या दशकात न्यूयॉर्क शहरातील लोअर ईस्ट साइड या वस्तीत दोन निरनिराळे उपक्रम एकाच सुमारास चालले होते. त्यांपैकी एक भाषाशास्त्राच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. विल्यम लबोव्ह यांनी या वस्तीतील रहिवाशांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून न्यूयॉर्कमधील इंग्रजीचे सामाजिक स्तर दाखवून दिले. त्यांचा ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला. दुसरा उपक्रम त्या मानाने उपेक्षित राहिला. रिव्हिंग्टन स्ट्रीटवर ‘फिल्म क्लब’ या नावाने वस्तीतील मुले, विशेषतः प्वेर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबांतील मुले, एकत्र येत व १६ मिलिमीटरच्या फिल्मवर स्वतःचे चित्रपट तयार करीत. त्यातून १९६८ साली रॉजर लार्सन, लिन होफर व मूळचे चिलीचे हाइमे बारिओस यांनी ‘यंग फिल्ममेकर्स फाउंडेशन’ ही संस्था स्थापन केली. या दोन उपक्रमांचा इतिहास आजवर वेगवेगळा सांगितला गेला आहे. वस्तुतः तो एकत्र वाचण्याजोगा आहे. कारण वस्तीतील तरुणाचे बोलणे कोणी टिपावे, कोणासाठी टिपावे आणि टिपताना त्या बोलण्याचे काय होते, हा प्रश्न दोहोंच्या मुळाशी आहे.

फिल्म क्लबच्या मुलांनी काढलेले चित्रपट बहुतांशी अनुबोधपट नव्हते, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. पाठलाग, मारामारी, भुताटकी, फसलेले प्रेम असे त्यांचे विषय असत. वस्तीचे जिने, गच्च्या व रस्ते त्यांत दिसतात, परंतु ते कथेची पार्श्वभूमी म्हणून. त्या क्लबाविषयीचा ‘फिल्म क्लब’ नावाचा अनुबोधपट १९६८ मध्ये निघाला, तो बारिओस यांचा. म्हणजे मुलांविषयी वास्तव सांगण्याचे काम वडीलधाऱ्याने केले आणि मुले स्वतः कल्पित रचण्यात रमली. याचे कारण केवळ वयात शोधणे बरोबर होणार नाही. ते बऱ्याच अंशी यंत्रात होते. चावी देऊन चालणारा १६ मिलिमीटरचा कॅमेरा एका चावीत अर्धा मिनिटही चालत नाही; शंभर फुटांचे रीळ सुमारे पावणेतीन मिनिटांत संपते; आणि चालताना तो इतका खडखडतो की बोलणाऱ्याचा आवाज त्याच्या शेजारी टिपणे अशक्यप्राय होते. चित्राशी तंतोतंत जुळणारे ध्वनिमुद्रण करावयाचे तर वेगळे, महागडे यंत्र हवे. ते मुलांच्या वर्गाला कोठून परवडणार? १९६५ साली कोडॅकने सुपर ८ ही स्वस्त फिल्म आणली, तिने कॅमेरा घराघरांत नेला. परंतु तिच्यावर प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण करण्याची सोय १९७३ मध्ये झाली. तोवर मुलांचा चित्रपट म्हणजे हावभाव, धावपळ आणि मागाहून जोडलेले संगीत वा निवेदन. ज्या माध्यमात माणूस बोलू शकत नाही, त्यात त्याची साक्ष नोंदविता येत नाही.

लबोव्ह यांच्यापाशी नेमके उलट साधन होते. त्यांच्या फितीवर आवाज होता, चेहरा नव्हता. शिवाय त्यांच्या मुख्य विश्लेषणाचा भर लहानपणापासून इंग्रजी बोलणाऱ्यांवर असल्यामुळे प्वेर्तो रिकोकडील रहिवासी त्यात फारसे दिसत नाहीत. एकाच वस्तीतील एका गटाचा आवाज शास्त्राच्या हाती राहिला आणि दुसऱ्या गटाची मूक छबी फिल्मवर उरली, असा हा योगायोग आहे.

साठीचे दशक संपता संपता सोनी कंपनीचे ‘पोर्टापॅक’ हे खांद्यावरून नेण्याजोगे चित्रमुद्रण यंत्र अमेरिकेत पोहोचले. अर्धा इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर कृष्णधवल चित्र व आवाज दोन्ही एकदमच उमटत. चित्र अंधुक असे, संकलन करणे म्हणजे डोकेदुखी होती. पण १९७० च्या सुमाराच्या नमुन्यात एकच फीत अर्धा तास अखंड चाले, धुलाईस पाठविण्याची गरज नव्हती, टिपलेले तेथल्या तेथे पाहता येई आणि तीच फीत पुसून पुन्हा वापरता येई. बोलणाऱ्याला वाक्य पुरे करू देणे आता परवडू लागले. अर्धा तास चालणारी फीत हाती आल्यावर मुलाखत हा प्रकार मुलांच्या आवाक्यात आला, असे म्हणावयास हरकत नाही.

यंत्रामागोमाग संस्था आल्या. कॅनडातील ‘चॅलेंज फॉर चेंज’ या उपक्रमात काम केलेले जॉर्ज स्टोनी यांनी रेड बर्न्स यांच्यासह १९७१ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात ‘ऑल्टरनेट मीडिया सेंटर’ सुरू केले. त्याच वर्षी मॅनहॅटनमध्ये केबल दूरचित्रवाणीवर सर्वसामान्य नागरिकांसाठी राखीव वाहिन्या चालू झाल्या. १९७२ मध्ये जॉन आल्पर्ट व केइको त्सुनो यांनी ‘डाउनटाउन कम्युनिटी टेलिव्हिजन सेंटर’ स्थापन केले. ते एका जुन्या टपालगाडीत दूरचित्रवाणी संच बसवून आपल्या फिती रस्त्यारस्त्यावर दाखवीत. पुढे १९७५ साली शहराचा खजिना रिता झाला, हजारो शिक्षकांना कामावरून कमी करण्यात आले आणि शाळांतील कलाशिक्षणाची वाताहत झाली. १९८४ मध्ये स्टीव्हन गुडमन यांनी स्थापन केलेले ‘एज्युकेशनल व्हिडिओ सेंटर’ या पोकळीतच उभे राहिले. नेहमीच्या शाळेत न रुळलेल्या विद्यार्थ्यांना तेथे अनुबोधपट तयार करण्याच्या कामाबद्दल शालान्त श्रेयांक मिळत. मुलाच्या बोलण्याला व ऐकण्याला शिक्षणाच्या हिशेबात किंमत आली, ही गोष्ट लहान नव्हे.

या केंद्रातील ‘२३७१ सेकंड ॲव्हेन्यू’ हा १९८६ चा अनुबोधपट येथे विचारात घेण्यासारखा आहे. ईस्ट हार्लेममधील एका चाळवजा इमारतीत उष्णता नाही, गरम पाणी नाही, आणि भाडेकरूंनी दिवस कसे काढावयाचे, हा त्याचा विषय. तो घडविण्यात त्याच इमारतीत राहणाऱ्या विद्यार्थिनीचा पुढाकार होता. विचारणारी घरची, उत्तर देणारे शेजारी. त्यामुळे प्रश्न पाहुण्याचा राहत नाही. निरीक्षण होत नसताना लोक कसे बोलतात हे जाणावयाचे, पण ते निरीक्षणानेच जाणावयाचे, या पेचाला लबोव्ह यांनी ‘निरीक्षकाचा विरोधाभास’ असे नाव दिले. हार्लेममधील आपल्या पुढील अभ्यासात त्यांनी क्लॅरेन्स रॉबिन्स व जॉन लुईस या वस्तीची नाडी ओळखणाऱ्या सहकाऱ्यांकडून मुलांच्या टोळक्यांची बोलणी मिळविली, ती याच पेचातून वाट काढण्यासाठी. गुडमन यांच्या केंद्रातील मुलीने ती वाट कोणत्याही सिद्धान्तावाचून तुडविली.

मात्र ध्वनिग्राहक हाती येताच मूल आपल्या बोलीत बोलेल, ही अपेक्षा भाबडी ठरते. न्यूयॉर्कमधील तीन दुकानांत लबोव्ह यांनी १९६२ मध्ये केलेला प्रयोग प्रसिद्धच आहे : ‘फोर्थ फ्लोअर’ हे उत्तर विक्रेत्याने पुन्हा उच्चारावे म्हणून त्यांनी न ऐकल्याचे सोंग केले, आणि दुसऱ्या खेपेस जपून केलेल्या उच्चारात ‘र’ अधिक वेळा उमटला. दुकानातील ग्राहकासमोर जे घडते ते कॅमेऱ्यासमोर घडल्यावाचून कसे राहील? ध्वनिग्राहक धरलेला किशोर बहुधा प्रथम दूरचित्रवाणीवरील वार्ताहराचा सूर लावतो. त्याची वाक्ये आखडतात, शब्द परके होतात. तो सूर उतरविण्यास आठवडे लागतात. या कार्यशाळांतील खरे शिक्षण कॅमेरा चालविण्याचे कमी आणि प्रश्न विचारून गप्प राहण्याचे अधिक असते.

आणखी एक देवघेव येथे झाली, तिच्याकडे या चळवळीच्या चाहत्यांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. आवाज मिळाला त्याबरोबर साक्ष देण्याचे कर्तव्यही गळ्यात पडले. साठीतील मुलाला भुताची गोष्ट रचण्याची मोकळीक होती. ऐंशीनंतरच्या मुलाकडून घरभाडे, बंदुका, पोलिसांची झडती यांविषयी बोलण्याची अपेक्षा होऊ लागली. प्रतिष्ठानांचे अनुदान सामाजिक प्रश्नाला मिळते, भुताला मिळत नाही. गरीब वस्तीतील मुलाने आपल्या गरिबीविषयीच बोलावे, हा संकेत दयाबुद्धीचा असला तरी तो संकेतच. २००० साली जो हॉल यांनी दक्षिण ब्राँक्समध्ये स्थापन केलेल्या ‘घेटो फिल्म स्कूल’ने कथापटाच्या शिक्षणावर जो भर दिला, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानी येते.

महोत्सवांनी या देवघेवीत भर घातली. प्रारंभीची प्रदर्शने वस्तीतच होत. पाहणाऱ्यांना पडद्यावरचा कोपरा न् कोपरा ठाऊक असे आणि कोण नाटकीपणाने बोलत आहे हे ते हसून सांगत. साठीच्या दशकात कोडॅकने किशोरांसाठी चित्रपटस्पर्धा भरविल्या, पण त्यांचे परीक्षक दूरचे. २००० मध्ये मॅनहॅटनच्या लोकवाहिनीने तरुणांसाठी स्वतंत्र वाहिनी सुरू केली. पुढे ‘ह्यूमन राइट्स वॉच’च्या चित्रपट महोत्सवात ‘यूथ प्रोड्यूसिंग चेंज’ या नावाने किशोरांच्या कृतींना स्थान मिळाले आणि २०१३ पासून ‘ऑल अमेरिकन हायस्कूल फिल्म फेस्टिव्हल’ने टाइम्स स्क्वेअरच्या मोठ्या पडद्यावर देशभरातील शाळकरी मुलांचे चित्रपट आणले. या महोत्सवांनी मुलांना मान दिला, समवयस्कांची ओळख करून दिली, हे निर्विवाद. पण श्रोता बदलला की बोलणे बदलते. ईस्ट हार्लेमच्या भाडेकरूला जे सांगावे लागत नाही ते टाइम्स स्क्वेअरच्या प्रेक्षकाला समजावून द्यावे लागते, आणि त्या समजावण्यात मागे टाकलेला वार्ताहराचा सूर मागल्या दाराने परत येतो.

या स्थित्यंतराचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या संशोधकापुढील अडचण साधनांची आहे. फिल्म क्लबच्या काळातील मुलांच्या काही १६ मिलिमीटरच्या कृती न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या संग्रहात जतन झाल्या आहेत. थंड, कोरड्या जागी ठेवलेली फिल्म अनेक दशके टिकते व उजेडासमोर धरली तर नुसत्या डोळ्यांनीही तिच्यावरील चित्र दिसते. अर्ध्या इंचाच्या फितीचे तसे नाही. तिच्यावरील लेप चिकट होऊन सुटू लागतो, ती वाजविणारी यंत्रे कधीच बनेनाशी झाली आहेत, आणि पुष्कळशा फिती तर काटकसरीपोटी त्याच काळी पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. अंतिम अनुबोधपट दहा-वीस मिनिटांचा असतो. संकलनात गळालेल्या ज्या मुलाखतींत शेजारी अघळपघळ बोलले असतील, त्यांचे जतन सहसा कोणी केले नाही. संकलनापूर्वी विद्यार्थ्यांनी फितीवरील बोलण्याच्या ज्या नोंदी कागदावर उतरविल्या, त्या जेथे उरल्या असतील तेथे पुसल्या गेलेल्या बोलण्याचा तोच एक मागमूस आहे, आणि त्याही जुन्या कपाटांतील इतर कागदांबरोबर रद्दीत निघण्याच्या मार्गावर आहेत.