एका एलपीत एक तास

मंडळी, आयर्न मेडनचा शो सुरू होण्याआधी स्पीकरवर एक गाणं लागतं, 'डॉक्टर डॉक्टर'. ते लंडनच्या यूएफओ बँडचं, 1974 सालचं. हार्ड रॉकवाले अशीच त्यांची ओळख. मला मात्र त्याआधीच्या यूएफओबद्दल बोलायचंय.

1971 मध्ये त्यांचा दुसरा अल्बम आला, 'फ्लाइंग'. कव्हरवरच छापलं होतं, एक तासाचा स्पेस रॉक. आणि खरंच तासभर! गाणी पाचच, शेवटचं तर साडेसव्वीस मिनिटांचं. एलपीच्या एका बाजूला 20-22 मिनिटं नीट बसतात. इथे 30च्या आसपास कोंबलीत. खाचा दाटीने कोरायच्या म्हणजे आवाजाची पातळी कमी ठेवावी लागते. तरीही त्यांनी दुसरी तबकडी घेतली नाही की गाणंही कापलं नाही.

मिक बोल्टनच्या गिटारला कसली घाईच नाही. ब्लूजची एखादी फ्रेज घेतो आणि ताणत राहतो. मध्ये जरा कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू! पण पीट वेचा बास आणि अँडी पार्करचे ड्रम्स जमीन सोडत नाहीत, म्हणून ते तरंगतानाही जड लागतं.

1972च्या सुरुवातीला बोल्टन गेला. 1973 मध्ये स्कॉर्पियन्समधून मायकल शेंकर आला, गाणी आखूड झाली, बँडचं नाव झालं. शेंकर थोरच. पण यूएफओची 'खरी' सुरुवात त्याच्यापासून धरतात, ते मला पटत नाही. आज रात्री हेडफोन लावून 'स्टार स्टॉर्म' ऐका. फक्त 19 मिनिटं काढा.