हाताचे वळण आणि शिशाचा खिळा



लग्नपत्रिकेवर वा उपाहारगृहाच्या पाटीवर सहज लिहिल्यासारखी अक्षरे दिसतात, तेव्हा ती कोणी लेखणीने रेखली असावीत असा भास होतो. पुष्कळदा ती छापाचीच असतात. छापाने हाताची नक्कल करावी, ही खटपट पाचशे वर्षांची आहे, आणि तिच्या इतिहासात कामगारांनी ध्यानी घ्यावे असे बरेच आहे.

१५०१ साली व्हेनिसमध्ये आल्दुस मानुत्सिओ या मुद्रकाने व्हर्जिलचे काव्य लहान आकारात छापले. त्यासाठी विद्वानांच्या धावत्या, तिरप्या हस्ताक्षराबरहुकूम त्याने खिळे पाडून घेतले. ती अक्षरे पोलादावर कोरली बोलोन्याच्या फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने. आल्दुसने ग्रंथारंभी त्याच्या हातांची स्तुती केली. पण १५०२ मध्ये त्या अक्षरांचा मक्ता स्वतःच्याच नावे करून घेतला. स्तुती कारागिराला, मक्ता मालकाला! ग्रिफो व्हेनिस सोडून गेला आणि सोन्चिनो नावाच्या दुसऱ्या मुद्रकासाठी त्याने तशीच अक्षरे पुन्हा कोरली. या वळणाचा खरा कर्ता ग्रिफोच, असे सोन्चिनोने १५०३ मध्ये छापून सांगितले. जगाने मात्र त्याला ‘इटालिक’ म्हटले.

१५५७ मध्ये ल्यों शहरी रोबेर ग्रांजों याने फ्रेंच वळणदार लेखनाचे खिळे पाडले. पुढे १९५३ साली मार्सेयच्या ओलिव्ह फौंड्रीसाठी रोजे एक्सकोफों याने स्वतःच्या हस्ताक्षरावरून ‘मिस्त्राल’ हा टाइप घडविला. मिस्त्राल म्हणजे प्रोव्हान्स प्रांतातला बोचरा वारा. अडचण अशी, की खिळा सुटा आणि हाताची ओळ अखंड. एका अक्षराची शेपटी जिथे संपते, तिथेच पुढच्याची सुरुवात यावी लागते. देवनागरीत शिरोरेषेचा सांधा तसाच जुळावा लागतो, हे आपल्याकडील जुळाऱ्यांना सांगायला नको. एक्सकोफोंने हे जमविले, आणि फ्रान्सच्या दुकानांच्या पाट्यांवर मिस्त्राल पसरला. संगणकातून तो पुढे जगभर गेला. २०११ च्या ‘ड्राइव्ह’ या अमेरिकन चित्रपटाची नामावली त्यातच आहे.

अशा टाइपाची जागा पाटी, वेष्टन, आमंत्रण ही होय. चार शब्दांत तो जिव्हाळा आणतो; पानभर लावला तर डोळा शिणतो. शिवाय खऱ्या हाताचे दोन ‘अ’ कधी सारखे नसतात, खिळ्याचे असतात. म्हणून आजचे कारागीर एकाच अक्षराची अनेक रूपे संगणकात भरतात.

आम्ही यंत्राचे वैरी नाही. पण फ्लेक्सचे फलक आले आणि गावोगावच्या पेंटरांच्या हातचे काम गेले, हे आम्ही पाहिले आहे. हाताचे वळण विकले जाते, मग हाताला मोल का नसावे? ज्याने अक्षर घडविले त्याचे नाव आणि त्याचा वाटा त्याला मिळालाच पाहिजे. ग्रिफोचे हे येणे अजून चुकते व्हायचे आहे.