परभाषेतून शिक्षण : निजामी मराठवाड्याचा अनुभव आणि नायगाव-बिलोलीचा परिसर

आपल्या मुलास घरची भाषा सोडून दुसऱ्या भाषेच्या शाळेत घालावे की काय, हा प्रश्न आजच्या पालकांस नवा वाटतो. मराठवाड्यापुरते बोलावयाचे तर तो निदान दोन-तीन पिढ्यांइतका जुना आहे. आज नायगावच्या बाजारातून सकाळी इंग्रजी शाळांच्या गाड्या मुले गोळा करीत जातात. याच भागातील काही घरांतील मुले शंभर वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी उर्दू मदरशात जात होती. दोन्ही पिढ्यांच्या पालकांच्या मनातील हिशेब फारसा निराळा नव्हता. परंतु ज्या परिस्थितीत तो हिशेब मांडला गेला ती मात्र अगदी निराळी होती, आणि प्रस्तुत टिपणाचा विषय ती परिस्थितीच होय.

नायगाव आज नांदेड जिल्ह्यातील स्वतंत्र तालुका आहे. ही रचना १९९९ सालची. तत्पूर्वी हे गाव बिलोली तालुक्यात मोडत असे. नांदेडहून देगलूरकडे आणि पुढे हैदराबादेकडे जाणाऱ्या वाटेवरचा हा प्रदेश मराठी आणि तेलुगू या दोन भाषांच्या शिवेवर वसला आहे. बिलोली, धर्माबाद, देगलूर या भागांत घरी तेलुगू, बाजारात मराठी व दखनी आणि कचेरीत उर्दू अशी तीन-चार भाषांची रहाटी सामान्य माणसाच्या अंगवळणी पडलेली होती. येथील मुलास एकाहून अधिक भाषा कानावर पडणे ही अपूर्वाई नव्हती. अडचण होती ती त्यांपैकी कोणती भाषा पाटीवर यावी, ही.

हैदराबाद संस्थानात तेलुगू बोलणारे सुमारे ४८ टक्के, मराठी बोलणारे सुमारे २६ टक्के, कन्नड बोलणारे ११-१२ टक्के आणि उर्दू मातृभाषा असणारे त्याच सुमाराचे होते. राज्यकारभाराची भाषा प्रथम फारसी होती. १८८० नंतरच्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. गावपातळीवर मात्र पटवारी आपले दप्तर लोकभाषेतच राखीत असे. मराठी मुलुखात ते बहुधा मोडी लिपीत असे. कागद तालुक्यास गेला की त्याची भाषा बदले. सेतवार, मुंतखब, वसूलबाकी, गश्ती, पेशकार, गिरदावर ही शब्दांची फौज मराठवाड्याच्या बोलीत उतरली ती याच वाटेने. ज्यास कचेरीची पायरी चढावयाची होती, मग तो वकील असो, कारकून असो वा नुसता दावा लढविणारा शेतकरी असो, त्याला उर्दूवाचून गती नव्हती.

शाळांची चढण तहतानिया, वस्तानिया आणि फौकानिया अशी तीन पायऱ्यांची होती. पहिल्या पायरीवर, म्हणजे प्राथमिक वर्गांत, मातृभाषेस जागा होती. दुसऱ्या पायरीपासून उर्दूचे राज्य सुरू होई. ज्या वयात मूल नुकते बाळबोध वाचू लागे त्याच वयाच्या आगेमागे त्याला उजवीकडून डावीकडे धावणारी लिपी गिरवावी लागे. बाळबोधात अक्षर आणि उच्चार यांचे नाते बव्हंशी सरळ आहे. उर्दूत मात्र ज़ या एकाच उच्चारासाठी ज़ाल, ज़े, ज़ाद आणि ज़ोय अशी चार अक्षरे, तर स साठी से, सीन आणि स्वाद अशी तीन अक्षरे. कोणत्या शब्दात कोणते अक्षर, हे कानाने कळत नाही; अरबी-फारसी मूळ ठाऊक असावे लागते. ते मराठी घरातील मुलास ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

येथे एक गोष्ट न्यायाने नोंदविली पाहिजे. मराठी मुलास उर्दू सर्वस्वी परकी नव्हती. अर्ज, कागद, शाई, हजेरी, जमीन, दप्तर हे शब्द त्याच्या घरातलेच होते. शेजारच्या मुसलमान मुलांशी तो दखनीत खेळत व भांडत असे. परंतु बाजारातील दखनी वेगळी आणि क्रमिक पुस्तकातील उर्दू वेगळी. बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार यांऐवजी जमा, तफ़रीक, ज़र्ब आणि तक़सीम आले. त्रिकोणाचा मुसल्लस झाला, कोनाचा ज़ाविया झाला. चौरसाला मुरब्बा म्हणतात हे प्रथम ऐकणाऱ्या मुलाला भूमितीपेक्षा फडताळातील बरणी आठवली असेल तर त्याला दोष देता येणार नाही.

१९१७ साली उस्मानिया विद्यापीठाच्या स्थापनेची आज्ञा निघाली आणि १९१९ साली अध्यापन सुरू झाले. या विद्यापीठाचे भारतातील शिक्षणाच्या इतिहासातील स्थान मोठे आहे. इंग्रजीचे माध्यम नाकारून एका भारतीय भाषेतून इतिहास, पदार्थविज्ञान, वैद्यक आणि कायदा शिकविण्याचा तो धाडसी प्रयोग होता. त्यासाठी स्वतंत्र भाषांतर विभाग निर्माण झाला आणि त्याची धुरा मौलवी अब्दुल हक यांच्याकडे आली. हे अब्दुल हक औरंगाबादेत शिक्षण खात्यात होते, आणि अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू ही संस्थाही काही वर्षे औरंगाबादेतच नांदत होती. म्हणजे उर्दूच्या आधुनिक शास्त्रीय परिभाषेचा एक मोठा हिस्सा मराठी मुलुखात बसून विचारिला गेला. भारतीय भाषांच्या अभिमान्यांनी या प्रयोगाची प्रशंसा केली ती रास्तच होती. परंतु प्रयोगाच्या मुळाशी जे तत्त्व होते, की मुलाने आपल्या देशाच्या भाषेत शिकावे, ते संस्थानातील बहुसंख्य प्रजेस लागू पडत नव्हते. इंग्रजीच्या जागी जी भाषा आली तीही नांदेड-बिलोलीच्या मुलाच्या घरची नव्हती. त्याला तर इंग्रजी हा आवश्यक विषय म्हणून शिकावीच लागे. एका परभाषेच्या आधाराने दुसरी परभाषा शिकण्याचा हा योग होता.

सधन घरांस पळवाटा होत्या. हैदराबादचे निझाम कॉलेज मद्रास विद्यापीठास जोडलेले होते आणि तेथे इंग्रजी माध्यम होते. काही मुले सोलापूर, पुणे, अमरावती, नागपूर अशी संस्थानाबाहेर शिकावयास जात. हैदराबाद शहरात केशवराव कोरटकरांसारख्या पुढाऱ्यांच्या आधाराने विवेकवर्धिनी उभी राहिली. औरंगाबादेत सरस्वती भुवन, अंबाजोगाईत योगेश्वरी, हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा अशी मराठी शिक्षणाची ठाणी निर्माण झाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून प्रसिद्धीस आलेले व्यंकटेश खेडगीकर हे हिप्परगा व अंबाजोगाई येथे मुख्याध्यापक होते, हा योगायोग नव्हे. मराठीतून शाळा चालविणे हे त्या राज्यात शिक्षणाचे काम तर होतेच, शिवाय ते राजकारणही होते. खासगी शाळांस पूर्वपरवानगीची अट घालून सरकारनेही ते तसेच मानले. १९३८ साली वंदे मातरम् म्हणण्यावरून औरंगाबाद आणि उस्मानिया येथील विद्यार्थ्यांस काढून टाकण्यात आले तेव्हा त्यांतील अनेकांस नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. त्यांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते.

पळवाट नसलेल्या घरांचे काय झाले, हा खरा प्रश्न. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यातील साक्षर दर शंभरी दहाही भरले नाहीत. याचे सारे खापर माध्यमावर फोडणे इतिहासास धरून होणार नाही. शाळाच थोड्या होत्या, रस्ते नव्हते, जहागिरी मुलुखात तर परिस्थिती अधिकच बिकट होती, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या मुलांस वर्गात शिरणेच दुष्कर होते. माध्यमाने केले ते एवढेच की जी थोडकी मुले दारापर्यंत पोचली त्यांच्यातूनही पुन्हा चाळणी झाली. देशपांडे-कुलकर्ण्यांच्या घरात कागदपत्रांची परंपरा होती, त्यांना उर्दू हे एक नवे हत्यार वाटले व ते त्यांनी चालविले. ज्या घरात पूर्वी कोणी लिहिलेच नव्हते तेथे दोन लिप्यांचा डोंगर बहुधा ओलांडला गेला नाही.

आता दूरदेशीचे एक उदाहरण घेऊ, कारण त्याच्या तुलनेने आपले अधिक स्पष्ट दिसते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात माँट्रियलजवळ सेंट लँबर्ट नावाचे उपनगर आहे. तेथील इंग्रजी भाषक आयांच्या लक्षात आले की भोवताली फ्रेंच बोलली जात असूनही शाळेत वर्षानुवर्षे फ्रेंच विषय शिकून आपली मुले ती बोलू शकत नाहीत. ऑल्गा मेलिकॉफ, म्यूरिएल पार्क्स आणि व्हॅलरी नील यांनी पुढाकार घेतला, शाळा मंडळाचे मन वळविले, आणि १९६५ च्या सप्टेंबरात २६ मुलांचा बालवर्ग सर्वस्वी फ्रेंचमधून सुरू झाला. मॅकगिल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट यांनी या मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. त्यांचे इंग्रजी मागे पडले नाही, गणित मागे पडले नाही, आणि फ्रेंच मात्र साध्या विषयवर्गातील मुलांपेक्षा पुष्कळ पुढे गेले, असा निष्कर्ष लँबर्ट व टकर यांनी १९७२ साली ग्रंथरूपाने मांडला. पुढे हा प्रकार देशभर पसरला.

परभाषेत बुडविलेले मूल बुडत नाही, असा सोपा अर्थ यावरून काढण्याचा मोह होतो. आपल्याकडील इंग्रजी शाळांचे समर्थक तो काढतातही. परंतु लँबर्ट यांनीच पुढे जो भेद केला तो येथे कळीचा आहे. घरच्या भाषेचा मान अबाधित राहून तीवर दुसरी भाषा चढते तेव्हा ती भर पडते. घरची भाषा हलकी ठरवून दुसरी तिची जागा घेते तेव्हा ती वजाबाकी होते. सेंट लँबर्टच्या मुलांची इंग्रजी ही साऱ्या खंडाची सत्तावान भाषा होती. फ्रेंचने तिचे काही बिघडण्यासारखे नव्हते. पालकांनी प्रयोग स्वतः मागितला होता, नको झाल्यास इंग्रजी वर्ग शेजारीच होता, आणि प्राथमिक वर्गांतच इंग्रजी वाचन-लेखनही सुरू होई. शिक्षकांस मुलाची भाषा कळत होती. बिलोलीच्या मुलाबाबत यांतील बहुतेक अटी उलट्या होत्या. मराठीला कचेरीत किंमत नव्हती, शेजारी पर्यायी वर्ग नव्हता, आणि परतीची वाट सोलापुरास जात होती.

तरी भर पडल्याची उदाहरणे आपल्याकडेही आहेत. निलंग्यात १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबादच्या मुलकी सेवेत होते. त्यांनी उर्दू काव्याचा परिचय मराठी वाचकांस करून दिला आणि मोगलकालीन फारसी साधने मराठीत आणून मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासास नवी सामग्री पुरविली. कचेरीच्या सक्तीने आलेली भाषा एका अभ्यासकाच्या हाती इतिहासाची किल्ली झाली. मात्र पगडींचे उदाहरण देऊन साऱ्या व्यवस्थेचे समर्थन करणे म्हणजे पुरातून पोहून आलेल्याकडे बोट दाखवून पूर चांगला होता असे म्हणण्यासारखे आहे.

१९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतीय संघराज्यात आले आणि माध्यमाचे चक्र उलट फिरले. शाळांतून प्रादेशिक भाषा आल्या, उस्मानियात इंग्रजी आली. हे योग्यच झाले. पण जी मुले त्या वेळी मधल्या वर्गांत होती त्यांचे हाल झाले ते झालेच. काल मुसल्लस शिकलेल्यास आज त्रिकोण शिकावा लागला. उर्दूतून शिकविणारे शिक्षक आणि उर्दूतून टिपणी लिहिणारे कारकून यांची विद्या एका हंगामात अडगळीत पडली. १९५० साली नांदेडास पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादेस डॉ. आंबेडकरांच्या संस्थेचे महाविद्यालय सुरू झाले, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि ज्या घरांस उर्दूची चाळणी आड आली होती त्यांची मुले प्रथमच मोठ्या संख्येने उच्च शिक्षणात आली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बिलोली-देगलूरचा मुलूख द्विभाषिक मुंबई राज्यात आला. येथील तेलुगू घरांतील मुलांच्या दृष्टीने मात्र एका परभाषेच्या जागी दुसरी आली, ही गोष्ट मराठीच्या विजयाच्या भरात आपल्या अभ्यासकांनी फारशी विचारात घेतलेली नाही.

उर्दूची गरज संपली अशी समजूत झाली, ती कागदांनी खोटी ठरविली. जमिनीचा जुना वाद निघाला की मुंतखब वाचणारा शोधावा लागतो. २०२३ साली मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा तालुक्या-तालुक्यातून निजामकालीन दप्तरे बाहेर निघाली आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची एकाएकी मागणी झाली. जुन्या शाळांच्या प्रवेशपुस्तकांत जन्मतारखा आजुर, दै, बहमन या महिन्यांत आणि फसली सनात लिहिलेल्या आहेत. त्या सनात ५९० मिळविले म्हणजे साधारणपणे इसवी सन येतो. एका काळी ज्या अक्षरांपायी मुले शाळा सोडीत होती, त्याच अक्षरांत आज त्यांच्या नातवंडांच्या दाखल्याचा पुरावा अडकून आहे, आणि तो वाचून देणारे बहुधा सत्तरीच्या पुढचे गृहस्थ असतात.